मासळीचं माहेर

“गोमाबाय, गाभोळी भरलेलं एखादं पापलेट चोरून दे की,” कर्णिककाका कुजबुजले.

गोमाबायने सुकटीचं माप टोपलीत आपटलं. “पावसाळ्याची बंदी उगाच असते काय? मासळी पोटुशी आहे, ती माहेरी गेलीय. पोटुशीला कोन जाळ्यात धरतं? तिला आता खाल, तर पुढं पिल्लं कुठून आणाल? नारळी पुनवेनंतर या!”

हे भाषण ती बाजारात रोज ठोकायची आणि रोज स्वतःवरच खूश व्हायची.

शेजारी सुके बोंबील निवडणाऱ्या तिच्या सुनेला आठवा लागला होता. ती हळूच म्हणाली, “आये, मग मला कधी सोडणार माहेरी?”

काका गाभोळी विसरून सासूकडे बघू लागले. गोमाबायचा चेहरा शिळ्या बांगड्यासारखा पडला. सुनेने आजवर चारदा विचारलं होतं, आणि चारही वेळा तिने “धंद्यावर कोन बसेल?” म्हणून विषय मिटवला होता.

दुसऱ्या दिवशी काकांना गोमाबाय एकटीच घामाघूम दिसली. “सून कुठंय?” त्यांनी विचारलं.

“गेली माहेरी, मासळीसंगं!” ती खेकसली आणि बोंबलांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. “तुमच्या गाभोळीपायी गेली. बसा, निवडा आता!”