फाटकावरचा मार्तंड

सरकारी दवाखान्याच्या फाटकाची चाबी हाती आल्यापासून मार्तंड फारच शेफारला होता. बोलताना मान वर करायची नाही, नुसती बोटाभोवती चाबी फिरवायची. आज तर त्याने हद्द केली. डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला, कुत्र्याला म्हणावं तसं, "हट" म्हणाला.

बाई पारशिवनीकडची. नवऱ्याचं उद्या सकाळी ऑपरेशन होतं.

"एकडाव तोंड पाहून येतो, दादा."

"टाइम संपला. कायदा म्हणजे कायदा."

इतक्यात रिक्षातून उतरणारी आई त्याला दिसली. लगेच कुलूप निघालं.

प्रयागबाईंसोबत विलायतेहून आलेला भाचा होता, श्रीधर. आत त्यांचं कोणी आजारी नव्हतं. आपल्या पोराच्या हातून फाटक कसं उघडतं, एवढंच भाच्याला दाखवायला त्या महाल वस्तीतून आल्या होत्या. त्यांना वाट मिळावी म्हणून त्या बाईने अंग चोरलं.

श्रीधर तिकडे बसवर कंडक्टर. मार्तंडने त्याच्या पाठीवर थाप मारली. "तुमच्या तिकडं चालते का गा असं?"

"चालते ना. स्टॉप नसला तरी घंटी मारतो मी. म्हातारं माणूस पावसात उभं दिसलं का बस थांबवतोच. साहेब बोंबलते मंग."

"आपल्या वळखीचं असलं म्हणजे?"

"नाही गा. तिथं माह्या वळखीचं कोण आहे?"

श्रीधर हसला. मार्तंडही हसला. प्रयागबाईंचे कान मात्र तापले. गजांबाहेरून ती बाई त्यांच्याकडे पाहत होती. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मोठ्या घरच्या माणसांकडे पाहावं तशी ती अदबीने पाहत होती.

मार्तंड कुलूप लावायला वळला. प्रयागबाई माघारी फिरल्या आणि फाटकाच्या मधोमध उभ्या राहिल्या.

"जा वं बाई, आत जा. डबा सांभाळ."

बाई त्यांच्या अंगाला घासून आत धावली.

"माय, काय करून राहिली तू? माही नोकरी जाईन!"

"आमच्यासाठी उघडलं तवा नाही गेली? साऱ्या महालात सांगत फिरली मी, माहा पोरगा सरकारी माणूस आहे म्हणून. तू कायचा सरकारी, मार्त्या? तू नुसता माह्या घरचा आहे."