भिंतीकडे तोंड

"बूट मिळाला का, जुई? पप्पा खाली कधीचे हॉर्न वाजवताहेत!" म्हणत ती हातातल्या डब्यासकट वडिलांच्या खोलीत शिरली. वडील गेल्यापासून ती इथे आली नव्हती. त्यांना उजेड सोसत नसे, म्हणून खिडकीला लावलेला फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अजून तसाच होता.

अंधारात जुई एका पायात बूट घालून आजोबांच्या पलंगावर पडली होती. भिंतीकडे तोंड करून, अगदी त्यांच्यासारखी. शेवटचे काही महिने त्यांनी सगळ्यांकडे पाठ फिरवली होती. आपलं काय चुकलं, हे ती अजून स्वतःला विचारत होती.

"आई, दार लाव. मग दिसतं."

तिने दार लावलं. भिंतीवर हळूहळू खालचा रस्ता उमटला, रंगांसकट, उलटा. झाडं खाली लोंबत होती. नवरा स्कूटरसकट उलटा लटकून घड्याळ बघत होता.

"पुठ्ठ्याला भोक आहे. आजोबांनी दाभणाने पाडलं. तू रागावशील म्हणून सांगायचं नव्हतं."

"म्हणजे ते हे बघत पडायचे?"

"हो. तू ऑफिसला निघालीस की टाटा करायचे."

ते भिंतीला हात करतात, हे तिने डॉक्टरांना सांगितलं होतं. डॉक्टरांनी एक गोळी वाढवली होती.

हॉर्न पुन्हा वाजला. तिने डबा खाली ठेवला. "सरक," म्हणत ती जुईशेजारी आडवी झाली. भिंतीवरचा नवरा आता त्यांना हाका मारत होता. दोघींनी त्याला हात केला.