मुरगूडची बाई

“तांबी वर चढती, पोरी. आमच्या मुरगूडच्या बाईची थेट काळजात गेलती.”

हे वाक्य अनुजानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिच्या हातावरची मेंदी अजून लाल होती. सांगणाऱ्या होत्या तिच्या सासूबाई, बनाबाई. त्याला आता नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ती मुरगूडची बाई गल्लीत रोज नव्यानं मरत होती. एकीनं ओवी उचलावी अन् दुसरीनं पुढं न्यावी, तशी. कुणी म्हणे, जेवता जेवता गेली. कुणी म्हणे, पोराला पाजता पाजता. दवाखान्यात तांबीला कॉपर-टी म्हणोत नाहीतर आणखी काही, गल्लीतल्या एकाही बाईनं ती बसवून घेतली नव्हती.

आज अनुजा दवाखान्याच्या बाकावर तेरा नंबरची चिठ्ठी धरून बसली होती, आणि शेजारी बनाबाईंचं तेच दळण सुरू होतं. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. अनुजा चपला घालून बाहेर आली तेव्हा त्या रिक्षात आधीच बसलेल्या होत्या.

“आत्ती, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलंय मला. पिशवीतनं काळजाकडं वाटच नाही.”

“डॉक्टरनीला काय ठावं? ती मुरगूडची हाय व्हय?”

अनुजानं डोकं मागं भिंतीला टेकवलं. ह्या डोक्यानंच तर सगळं आणलं होतं. लेक राजनंदिनी झाल्यावर तिनं पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या, आणि गोळ्यांच्या पाठोपाठ अर्धशिशी आली. आधी डोळ्यांपुढं वीज नाचायची, मग अर्धं जग दिसेनासं व्हायचं. दूध डेअरीत फॅट मोजताना मशीनवरचे निम्मे आकडे गायब. एकदा तर पोरगी समोर उभी राहून “आई” म्हणाली, आणि अनुजाला तिचा एकच डोळा दिसला. डॉक्टरांनी सांगून टाकलं, “अशा डोकेदुखीत ह्या गोळ्या घेतल्या तर लकव्याचा धोका वाढतो. आजपासून बंद.” अनुजानंही ठरवलं, आता हार्मोनचं काही नकोच.

नवऱ्याला, धैर्यशीलला, तिनं निरोध आणायला सांगितलं. पण मेडिकलमधला शांतिनाथ त्याचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्यापुढं ह्याचं तोंड उघडेना. दर वेळी तो खोकल्याचं औषध घेऊन परत यायचा. कपाटात सहा बाटल्या जमल्या होत्या आणि घरात कुणाला खोकला नव्हता. त्याच्याच नसबंदीच्या ऑपरेशनचा विषय काढला, तर तो दोन दिवस जेवायलाच उशिरा आला.

राहिली तांबी. आणि तांबीच्या वाटेत ती मेलेली बाई आडवी.

“पावणं, खरं हाय तुमचं,” समोरच्या बाकावरच्या बाई मध्येच बोलल्या. सुनेला घेऊन पेठ वडगावहून आलेल्या, धोंडुबाई नावाच्या. “आमच्या वडगावातबी झालंय असं. उभ्या उभ्या गेली बया.”

बनाबाई दचकल्या. “वडगावात?”

“व्हय की! मुरगूडास्नं दिलेली हुती. दोन पोरं मागं टाकून गेली.”

“दोन पोरं?” बनाबाई पुटपुटल्या.

धोंडुबाईंची सून चिठ्ठी पर्समध्ये कोंबून उठली. तिच्याकडं बघता बघता अनुजानंही हातातली चिठ्ठी चुरगाळली. गोष्ट खोटी आहे हे ठाऊक असलं, तरी दहा तोंडांतून आलेलं भय कुठूनतरी आत शिरतंच. मग तिला त्या भयाचाच संताप आला. सासूचा आला, नवऱ्याचा आला, त्या सहा बाटल्यांचा आला. ती ताडकन उभी राहिली.

“चला घरी. जिंकलात तुम्ही. गोळ्याच घेते पुन्हा. काय झालंच तर तुमच्या मुरगूडच्या बाईला तेवढीच सोबत!”

ती दारापर्यंत गेली असेल. बनाबाईंनी मागून तिचं मनगट धरलं. म्हशीचं दावं धरणारा हात होता तो, सुटेना.

“गोळ्या न्हाई घ्याच्या.”

“मग काय करू? सांगा की तुम्हीच!”

“मेली न्हाई ती.”

“कोण?”

“मुरगूडची.” गल्लीच्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज आता अनुजालाही कान देऊन ऐकावा लागत होता. “मीच ती. मुरगूडला, माहेराला जातो म्हणायचो अन् तिथं बसवून यायचो. दोनदा बदलली. एकदा थोरल्या जाऊबाईनं दवाखान्याच्या दारात गाठलं. काय सांगणार? म्हटलं, शेजारणीला बघाय आलतो, तांबी काळजात गेली तिच्या. जाऊबाईनं घर येईस्तवर मारून टाकली तिला.”

अनुजा त्यांच्याकडं वळली. “आणि नऊ वर्षं तुम्ही मला…”

“एकदा मेलेली बाई जित्ती कशी करायची गं? सासूनं जोतिबाला नवस बोललेला, दुसरं लेकरू व्हावं म्हणून. अनवाणी डोंगर चढलो मी. आत तांबी तशीच. समदी हळहळायची, बनाबाईचं पोट पिकंना म्हणून. मीबी डोळ्याला पदर लावायचो.”

“तेरा नंबर!” सिस्टरनं आतून हाक मारली. “हाय का कोण तेरा नंबर?”

“आले,” अनुजा म्हणाली. पण पाऊल उचललं नाही. मनगट अजून सासूच्या हातात होतं, आणि आता त्याला ओढ नव्हती. “आत्ती, पण का? एवढं सगळं कशासाठी?”

बनाबाईंनी आधी समोरच्या बाकाकडं बघितलं, मग खाली. तीस वर्षं घशात धरलेलं एकच वाक्य होतं, आणि ते अगदी लहान होतं.

“मला दुसरं नकोच हुतं.”