'था' म्हणजे कोण?

"घ्या लिहून," तान बाई म्हणाल्या. "था नसेल तर माझा श्वास कोंडतो."

शेन मास्तरांचा कुंचला थबकला. शांघायात चिनी बोलताना 'तो'ही था आणि 'ती'ही था. फरक फक्त कागदावर, तोही हल्लीचा: बाईच्या थाला बाईची खूण जोडायची. पण इथे बोलणारी नवऱ्याला विटलेली नायिका, म्हणजे था कुणीतरी बाप्याच. मास्तरांनी खूण न जोडता ठोकून दिलं.

मास्तरांना फ्रेंचचं अक्षरही येत नव्हतं. मुलींच्या शाळेतल्या तान बाई फ्रेंच वाचून तोंडी अर्थ सांगायच्या, मास्तर त्याचं साहित्य करायचे. अशा सात प्रेमकथा त्यांनी वाचकांच्या गळ्यात मारल्या होत्या. मास्तरांची बायको रुईजन चहा ओतता ओतता ऐकायची, आणि तिथेच घोटाळा झाला. नऊ वर्षं "जेवलात का?" याच्यापुढे न गेलेली बाई परवा भाताचं वाडगं बाजूला सारून म्हणाली, "माझं हृदय जड झालंय." मास्तरांनी तिला आल्याचा काढा पाजला.

मग तिच्या उशीखाली तिच्याच हातची चिठ्ठी सापडली. 'था येईपर्यंत दिवस सरत नाही.' जुन्या वळणाचा, बिनखुणेचा था.

मास्तरांचं जेवण सुटलं. प्रकाशक, दातांचा डॉक्टर, समोरचा बासरीवाला, सगळ्यांवर पाळत ठेवून झाली. शेवटी लाज गिळून त्यांनी तान बाईंना गाठलं.

"तुम्ही बाईमाणूस. तिच्या पोटात शिरा आणि हा था कोण, ते काढा. ती गेली तर मी संपलो."

तान बाईंनी कप खाली ठेवला. "इथे नाही बोलायची ती, मास्तर. चार दिवस बाहेर न्यावं लागेल."

"न्या की. हांगचौला न्या."

मास्तर स्वतः स्टेशनावर गेले. रुईजनची वळकटी डब्यात चढवली, आणि बाई सांगतील तसं वाग म्हणून तिला दोनदा बजावलं. तिने खाली मान घालून हो म्हटलं.

चाराचे नऊ दिवस झाले. दहाव्या दिवशी छापखान्याचा फोरमन नव्या कादंबरीची प्रुफं घेऊन कुरकुरत आला. तान बाईंनी हांगचौहून दुरुस्त्या करून पाठवली होती, पण बाईची खूण असलेल्या अक्षराचे एवढे खिळे सबंध छापखान्यात नाहीत, असं त्याचं म्हणणं.

मास्तरांनी प्रुफं उलगडली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, नायिकेच्या प्रियकराच्या प्रत्येक थाला लाल शाईने बाईची खूण जोडली होती, आणि ते अक्षर रुईजनचं होतं.