बुजवलेला पाट

नदीचं पाणी शेतांत आणायला कालवा खणताना कुदळ दगडावर आदळली आणि सगळ्यांचे हात थांबले. माती बाजूला सारल्यावर दिसला तो एक पाट. दोन्ही अंगांनी चिरे लावलेला, टेकडीच्या खडकातून आरपार खोदलेला. फक्त त्याचं तोंड दगडांनी बुजवलेलं होतं.

मोजणीसाठी आलेली विडलीन खाली उतरली. तिनं उतार मोजला. शंभर मीटरला पाच सेंटिमीटर, कुठेही चूक नाही. इथून नदीचं पाणी तीन दिवसांत शेतांत पोचलं असतं. नवा खडक फोडायचा तर दोन महिने, आणि भाताची रोपं जेमतेम आठवडाभर तग धरणार होती.

पण सेंतिलसकाकांनी कुदळ खाली ठेवली. हैतीत गावाचं काम सगळे मिळून करतात, आणि माणसांना कामावर बोलावणारा शंख काकांकडे होता. त्यांनी नाही म्हटल्यावर तीनशे जणांतला एकही हात हलेना.

काकांचं म्हणणं साधं होतं. हा पाट फ्रेंच मळेवाल्यांनी उसासाठी आपल्या पूर्वजांकडून चाबकाखाली खोदून घेतला. उठाव झाला तेव्हा पूर्वजांनी मळा जाळला, घाणा फोडला आणि हाही कायमचा गाडला. त्यांनी गाडलेलं आपण उकरायचं नाही.

"मग रोपांना शंखातलं वारं पाजू का?" वरून एका बाईनं टोमणा मारला. कुणी हसलं नाही.

विडलीनला वाद घालता येत नसे. तिनं दगडांपुढे बसून फटीतून बॅटरीचा झोत टाकत आत पाहिलं, आणि मग काकांना खाली बोलावलं.

"काका, त्या घाण्याचे तुकडे कसे पडलेत?"

"वाटेल तसे. राग होता, पोरी."

"इथं एक चिरा फुटलेला नाही. मोठे दगड खाली, लहान वर, मध्ये मळलेली चिकणमाती. आत गाळाचा कण नाही. हा गाडलेला नाही, जपून ठेवलाय."

"कुणासाठी?"

ते तिला मोजता येण्यासारखं नव्हतं. तिनं नुसता प्रकाश मातीवर धरला. मातीत पंजे उमटले होते, दाबून लिंपणाऱ्यांचे. काकांनी त्यातल्या एकावर आपला पंजा ठेवला.

मग त्यांनी डोक्यावरची गवती टोपी काढली. इथं कुणाच्याही दारात गेलं की बाहेरून 'मान' अशी हाक देतात, आणि आतून 'आदर' असं उत्तर आल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडत नाही.

"मान," काकांनी दगडांना हाक दिली.

तीनशे माणसं श्वास रोखून उभी होती, आणि मोजल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारी विडलीन आतून उत्तर येण्याची वाट पाहत होती.