नोंद आढळली नाही

"बटण दाबल्याची नोंद आढळली नाही," इंजिनिअर म्हणाला. साहेबांनी सकाळी पढवलेलं वाक्य, काना-मात्रेचाही फरक न करता.

समोरच्या बाईंनी मान डोलावली. त्यांचे वडील स्वयंपाकघरात पडले, ते दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांना सापडले. गळ्यातलं, याच कंपनीचं मदतीचं बटण मुठीत होतं. मुठीत धरलं, पण दाबलं का, एवढंच विचारायला बाई आल्या होत्या. त्या आठवड्यात बापलेकीत अबोला होता, हेही त्यांनी कुणी न विचारता सांगून टाकलं.

बटण दाबलं की दूरच्या कुठल्याशा सर्व्हरवर एक कंटेनर, म्हणजे तेवढ्या कामापुरता चालणारा छोटा प्रोग्राम, जागा होतो, रुग्णवाहिकेला निरोप देतो आणि पुसला जातो. निरोप पोचला की वाटेतच राहिला, ते सांगायला मागे उरतो फक्त त्याचा लॉग, त्याने केलेल्या कामाची नोंद. तोही कंटेनर जिवंत असतानाच कुणी उचलून ठेवला तर. लॉग उचलणारा प्रोग्राम सारखा अडकायचा, डोक्याला ताप नुसता. म्हणून इंजिनिअरने तो जरा वेळ बंद केला होता. त्या जरा वेळाचे तेवीस दिवस झाले. म्हातारा गेला तो अकरावा.

"खोटं काहीच बोलायचं नाही आपण," साहेब म्हणाले होते. खरंच की. जिथे कुणी नोंदच घेत नव्हतं, तिथे ती आढळणार कुठून? साहेबांची हुशारी वादातीत होती. इंजिनिअरला मात्र स्वतःची किळस आली होती.

बाईंनी पर्समधून बटण काढून टेबलावर ठेवलं. परत करायचं असतं ना, म्हणाल्या. मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी ते अंगठ्याने एकदा दाबलं.

इंजिनिअरच्या स्क्रीनवर ताजी ओळ उमटली. लॉग गोळा करणं त्याने आज सकाळीच पुन्हा सुरू केलं होतं. बटणाचा नंबर, वेळ, निरोप पाठवला. सगळं अगदी जागच्या जागी. त्याने घाईघाईने रुग्णवाहिकेच्या लोकांना फोन लावला, कुणी निघू नका म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

"म्हणजे आत्ता दाबलेलं कळलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"हो."

"लगेच?"

"लगेच."

पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. केबिनच्या काचेपलीकडून साहेब बघत होते. त्याने ते वाक्य गिळलं आणि टेबलावरचं बटण आपल्याकडे ओढून घेतलं.

बाईंनी पर्सची चेन लावली. उठताना त्यांनी खुर्ची हलकेच आत सरकवली, परक्या घरी सरकवतात तशी.

"बटण चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बाबांनीच दाबलं नाही. माझ्यावरचा राग काही गेला नाही त्यांचा."