खरं की छान

बाकावर बसल्यावर ठमीचे पाय जमिनीपासून वीतभर वरच राहिले. चौथीच्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि कोपऱ्यातलं खडूंचं रिकामं खोकं उचलून तिच्या पायांखाली सरकवलं. शाळा केव्हाच सुटली होती.

"आता बरं वाटतंय?"

"हो. पण मी चौथीत आले की रोज खोकं लागेल."

बाईंना हसू आलं. दुसरीतली ही एवढीशी पोर तिसरी गाळून थेट चौथीत घालायची, असं शाळेत घाटत होतं. वाचनात आणि गणितात तिने मोठ्या बाईंना पार गार केलं होतं. "लिखाण तेवढं तुम्ही बघा," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "वाचणारी पोरं पुष्कळ असतात हो, लिहायची वेळ आली की हात टेकतात. तुम्ही हो म्हटलंत की झालं." बाहेर व्हरांड्यात ठमीचे बाबा बसले होते. चष्म्याचं दुकान मध्येच बंद करून आले होते आणि सारखे स्वतःचाच चष्मा रुमालाने पुसत होते.

बाईंनी फळ्यावर विषय लिहिला: मधली सुट्टी. कुठल्याही पोराला या विषयावर लिहायला बसवा, पान पुरत नाही, हा त्यांचा अनुभव.

"किती लिहू?"

"सुचेल तेवढं. घाई नाही."

ठमी लिहायला लागली ती मान वर न करताच. मधूनच उजवा हात झटकायची, बोटांवर फुंकर घालायची, पुन्हा लिहायची. अक्षर मात्र वयाचंच होतं, ओळीवरून घसरणारं. पान भरल्यावर तिने ते बाईंपुढे ठेवलं.

बाई वाचत गेल्या. हातातलं लाल पेन उघडं ते उघडंच राहिलं. पकडापकडीत राज्य कोणावर येतं आणि रडून ते कोण टाळतं. डब्यातलं कोण वाटून खातं आणि कोण झाकणाआड खातं. दोघी मैत्रिणी भांडल्या की तिसरी कशी मनातून खूश होते, कारण मग दोघीही तिच्याशीच बोलतात. जोडाक्षरं जागच्या जागी, वाक्यातून वाक्य निघालेलं. जिथे 'तरीही' हवं तिथे बरोबर 'तरीही'. चौथीच्या निम्म्या वर्गाला हे जमत नव्हतं.

तरी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. बाईंनी पान पुन्हा वरपासून वाचलं.

"यात तू कुठे आहेस गं?"

"मी नाहीये."

"शाळेत आली नव्हतीस?"

"आले होते की. मी बघत होते. म्हणून तर एवढं लिहिता आलं."

बाईंनी पान तिच्यापुढे परत सरकवलं. मग म्हणाल्या, "शेवटी दोन वाक्यं तुझीही लिही. 'मी'पासून सुरुवात कर."

इतका वेळ सरसर चाललेली पेन्सिल आता अडली. ठमीने 'मी' लिहिलं आणि ती फळ्याकडे बघत बसली.

"बाई, खरं लिहू की छान लिहू?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत बाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. "खरं," त्या म्हणाल्या. म्हणून झाल्यावर वाटलं, उगाच म्हटलं.

ठमीने लिहिलं: मी पाण्याच्या टाकीजवळ उभी राहते. मला तहान लागलेली नसते.

कागद हातात घेऊन बाई खिडकीशी गेल्या. पटांगण रिकामं पडलं होतं. त्यांच्या वर्गातली पोरं काही वाईट नव्हती. आठवडाभर हिला बाहुलीसारखी मिरवतील, गालगुच्चे घेतील, गणितं सोडवून मागतील. मग आपापल्या खेळात विसरून जातील. आणि आहे तिथेच ठेवली, तर सुट्टीतच काय, भर वर्गातही ही एकटीच बसणार. लिखाणाचं उत्तर सोपं होतं. पण लिखाणापुरतं.

त्यांनी बाबांना आत बोलावलं.

"जमलं का हो तिला?" बाबा दारातूनच म्हणाले.

"लिहिता येतं तिला. चौथीचं काय, त्याच्या पुढचंही येतं."

"मी म्हणतच होतो!" बाबांचा चेहरा असा उजळला की बाईंना बघवेना. "काय आहे बाई, घरी आम्ही दोघंच. मी दिवसभर दुकानात. दुसरीत तिच्या तोडीचं आहे तरी कोण? बरोबरीची डोकी भेटली ना, की बघा कशी बोलायला लागेल ती. बघू तरी काय लिहिलंय."

बाईंनी कागद पुढे केला. पण त्यांचा अंगठा शेवटच्या दोन ओळींवर तसाच राहिला. बाबांनी वरचं वाचलं, मान डोलवली, हसले. "वा! अगदी डोळ्यांपुढे उभं केलंय पोरीने."

"हो," बाई म्हणाल्या. "मोठ्या बाईंना मी सांगते उद्या. माझ्याकडून होच आहे."

ठमी पेन्सिल दप्तरात ठेवत होती. बाईंचा अंगठा तिने पाहिला होता. दप्तर पाठीला लावून ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"बाई, चौथीला मधली सुट्टी असते?"

"असते की."

"ही बघा, आत्तापासून खेळायची काळजी!" बाबा मोठ्याने हसले.

ठमी हसली नाही. तिने बाईंकडेच पाहत विचारलं, "मग कितवीला नसते?"